दवाखाना बंद झाल्यावर कुणाला फोन करायचा?

पुढच्या वेळी साध्या सर्दीसाठी डॉक्टरांकडे गेलात, तरी निघताना काउंटरवर दोन गोष्टी विचारून घ्या: बंद वेळेत फोन कोण घेतं आणि सुट्टीच्या दिवशी पर्यायी डॉक्टर कोण. उत्तर कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री फोनची बॅटरी नेमकी संपलेली असते, कागद जागेवर असतो.

दिवसा फोन करायचा तर दवाखाना उघडल्या उघडल्या करा, त्याच दिवशीची वेळ मिळण्याची शक्यता जास्त. संपत आलेल्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र आठवडाभर आधीच मागून ठेवा.

खरी पंचाईत रात्रीची. आईला एकदा रात्री दीडला धाप लागली आणि मला तिच्या एकाही गोळीचं नाव आठवेना. तेव्हापासून सगळ्या पाकिटांचा फोटो फोनमध्ये आहे, आणि ॲलर्जीची नोंद त्या कपाटातल्या कागदावर.

काही त्रासांत मात्र दवाखान्याचा नंबर शोधत बसूच नका. छातीत दाबल्यासारखं दुखणं, श्वास न पुरणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं: थेट रुग्णवाहिका. पक्षाघात असेल तर मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. ३ महिन्यांपेक्षा लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दाखवा.