कोळशाचे इन्सर्ट घेण्यापूर्वीची तयारी

घरात आधीपासून विटांची फायरप्लेस असेल आणि तिच्या खाचेत दगडी कोळशावर चालणारे बंद इन्सर्ट, म्हणजे खाचेत सरकवायची दाराची लोखंडी शेगडी, बसवायचे मनात असेल, तर पहिली चौकशी इन्सर्टची न करता कोळशाची करावी. कोळसा ज्यावर जळतो ती जाळी कशी हवी, धुराड्याला कोणत्या पोलादाचे अस्तर घालावे, राख किती निघेल, हे पुढचे जवळजवळ सगळे निर्णय कोळशाच्या जातीवर ठरतात. अँथ्रासाइट हा सर्वांत कडक कोळसा. ओलावा आणि राख वगळता त्याच्यात कार्बनचे प्रमाण ८६ टक्क्यांच्या वर असते आणि बाष्पशील द्रव्ये, म्हणजे तापल्यावर वायू होऊन निघणारे घटक, फार थोडी असतात. म्हणून तो पेटायला हट्टी असतो, पण एकदा विस्तव धरला की आखूड निळसर ज्योतीने, जवळपास धुराशिवाय, तासन्‌तास जळत राहतो. बिट्युमिनस, म्हणजे त्याहून मऊ, कोळसा चटकन पेट घेतो खरा, मात्र त्याचा धूर आणि काजळी इतकी असते की दाराची काच, धुराडे आणि शेजारी हे तिघेही तक्रार करतात. काही ठिकाणी तो घरात जाळण्यावर निर्बंधही आहेत. इंग्लंडमध्ये घरगुती जळणासाठी अशा पारंपरिक कोळशाची विक्री मे २०२३ पासून पूर्णपणे थांबली आहे. आपल्या भागातला नियम पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावा.

कोळशाच्या जातीइतकाच तुकड्यांचा आकारही महत्त्वाचा आहे. अमेरिकी मापांत ‘नट’ म्हणजे साधारण २० ते ४० मिलिमीटरचे तुकडे, ‘पी’ म्हणजे १४ ते २० मिलिमीटरचे, आणि ‘राइस’ म्हणजे जेमतेम ५ ते ८ मिलिमीटरचा चुरा. हाताने कोळसा घालायच्या इन्सर्टमध्ये ‘राइस’ जाळीतून खाली गळून जातो किंवा हवेची वाट बुजवतो. तो विजेवर चालणाऱ्या, आपोआप कोळसा ढकलणाऱ्या यंत्रांसाठी असतो. जवळचा विक्रेता नेमका कोणता आकार वर्षानुवर्षे ठेवतो, हे आधी कळले की निम्मी मॉडेले आपोआप बाद होतात.

यानंतर पाहायची ती जाळी, आणि माझ्या मते संपूर्ण खरेदीचा कस इथेच लागतो. १८०८ साली पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅर येथे जेसी फेल यांनी अँथ्रासाइट लोखंडी गजांच्या उघड्या जाळीवर, भात्याचा वारा न देता, जाळून दाखवला. त्यात यश आले ते हवा खालून, कोळशाच्या थरातून वर गेल्यामुळे. लाकडाला वरून आलेली हवा पुरते. कोळशाला ती खालूनच मिळावी लागते, नाहीतर वरचा थर काळा पडून विस्तव विझतो. म्हणून दुकानात काचेच्या दाराचे कौतुक आटोपते घ्यावे, गुडघे टेकून राखेचे दार उघडावे आणि जाळी हलवायचा दांडा स्वतः हलवून पाहावा. गज एका लयीत मागेपुढे फिरले पाहिजेत, कोपऱ्यांतसुद्धा हालचाल पोहोचली पाहिजे आणि जाळी बिडाची व जाड असली पाहिजे. दार लावले असतानाही दांडा बाहेरून फिरवता येत असेल तर उत्तम, कारण राख झाडताना ती खोलीत उडत नाही. जाळीच्या वर अग्निरोधक विटांचे अस्तर किती उंच आहे तेही मोजावे. कोळशाचा थर १५ सेंटिमीटरच्या आसपास रचता आला नाही, तर रात्रभर विस्तव टिकण्याची आशा धरू नये. इन्सर्टच्या पाठीवरच्या धातूच्या पट्टीवर ‘फक्त लाकडासाठी’ असे कोरलेले असेल, तर विक्रेता काहीही म्हणो, त्यात कोळसा घालू नये. जाळीपाशी साठणाऱ्या तापाने असे इन्सर्ट वाकते आणि हमीही जाते.

मापे घेताना फायरप्लेसची पुढची रुंदी, मागची रुंदी, उंची, तळाची खोली आणि वरच्या बाजूची खोली अशी पाचही लिहून ठेवावीत, कारण बहुतेक खाचा मागे निमुळत्या होत जातात आणि समोरून मावणारे इन्सर्ट आत अडते. पत्र्याची, कारखान्यात तयार झालेली फायरप्लेस असल्यास त्यात कोळशाचे इन्सर्ट बसवण्याचा विचार उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. समोरची न जळणारी फरशी आणि वरच्या लाकडी फळीपर्यंतचे अंतर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरते का, तेही याच वेळी टेपने मोजून घ्यावे.

धुराड्याची तपासणी मात्र जाणकार माणसाकडूनच, आतून कॅमेरा सोडून करून घ्यावी. जुन्या फायरप्लेसचे धुराडे इन्सर्टच्या नळीपेक्षा पुष्कळ रुंद असते. त्यात धूर गार पडतो आणि त्याला वर खेचणारी ओढ मंदावते. म्हणून इन्सर्टच्या तोंडापासून माथ्यापर्यंत अखंड पोलादी लायनर, म्हणजे आतल्या अस्तराची नळी, घालावा आणि खाली, नळीच्या भोवतीची मोकळी जागा पत्र्याने बंद करावी, म्हणजे खोलीतली ऊब वर निघून जाणार नाही. कोळशात गंधक असते, आणि नळीत चिकटलेल्या राखेला दमट हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होऊन पोलाद पोखरले जाते. लाकडासाठी सहसा वापरल्या जाणाऱ्या ३१६ जातीच्या पोलादात मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असते, तर ९०४ जातीत ४ ते ५ टक्के आणि निकेलही बरेच जास्त. ते महाग पडते, पण वर्षानुवर्षे कोळसाच जाळायचा असेल तर इथे काटकसर करू नये. बसवून झाल्यावर ओढ मोजून मागावी: इन्सर्ट तापलेले असताना ती साधारण १० ते १५ पास्कल (दाबाचे एकक) असली की ठीक समजावे, आणि नेमका आकडा पुस्तिकेतून पडताळावा.

क्षमता ठरवताना मोठे घेतलेले बरे, असा समज असतो; कोळशाच्या बाबतीत तो महागात पडतो, कारण हा विस्तव एका मर्यादेखाली मंद ठेवता येत नाही आणि हवा फार आवळली की तो विझतो. बेताचे उष्णतारोधन असलेल्या घरात १४ घनमीटर जागेला १ किलोवॉट हा ढोबळ हिशेब पुरतो. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोलीला सुमारे ६ किलोवॉट लागतील. साठवणीचे गणितही याच कागदावर मांडावे. चांगल्या अँथ्रासाइटच्या एका किलोत सुमारे ८ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते. इन्सर्टची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर त्यातली ५.६ युनिट घरात येते. सरासरी ४ किलोवॉट ऊब हवी असल्यास दिवसाला १७ किलो कोळसा जातो, म्हणजे १२० दिवसांच्या थंडीला दोन टन. तेवढा कोळसा कोरड्या जागी ठेवायची सोय आणि रोज बादली उचलणारे हात घरात आहेत का, हे प्रामाणिकपणे पाहावे. गरम हवा पुढे ढकलणारा पंखा असेल तर वीज गेल्यावर ऊब किती घटेल, तेही विचारावे.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत कुठलीही तडजोड नको. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जुळतो. इन्सर्ट असलेल्या खोलीत एक आणि झोपायच्या खोल्यांजवळ एक, असे या वायूचा इशारा देणारे सूचक बसवावेत, तेही इन्सर्ट पेटवण्यापूर्वीच, आणि त्यांच्यावर छापलेली मुदत संपण्याची तारीख वहीत टिपावी. खोलीला बाहेरची हवा येण्याची कायमची वाट हवी. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगात चालू ठेवून धूर उलटा येतो का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. नवा कोळसा घालताना निखाऱ्यांचा एक कोपरा लाल उघडा ठेवण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी. सगळा थर एकदम झाकला की न जळलेला वायू आत साठतो आणि नंतर भडका होऊन दार धडाडते.

राखेसाठी झाकणाची पत्र्याची बादली लागते, आणि ती लाकडी फरशीवर न ठेवता घराबाहेर दगडावर ठेवावी, कारण आतले निखारे काही दिवस जिवंत राहू शकतात. ही राख भाजीच्या वाफ्यात टाकू नये. तिच्यात आर्सेनिकसारखी जड द्रव्ये असतात. राखेचा ट्रे भरून ढीग जाळीला टेकू देऊ नये, नाहीतर गजांना गारवा देणारी हवा अडते आणि ते वितळल्यासारखे वाकतात. हंगाम संपताच, पावसाळी दमटपणा येण्याआधी, धुराडे साफ करणाऱ्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी. ऑर्डर देताना जाळी, काच आणि दाराची फट बुजवणारी दोरी हे सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे, आणि जमल्यास जाळीचा एक जादा संच त्याच वेळी मागवावा.