सातबाऱ्यावर वारस लावताना आधी ‘ए.कु.मॅ.’ बघा

घरातलं माणूस गेलं की मृत्यूचे दाखले एकाच वेळी जास्तीचे काढून घ्या. बँकेतले पैसे नॉमिनीच्या हातात पडले तरी मालकी वारसांचीच राहते. घरपट्टीचं नाव ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज देऊन बदलावं लागतं. जमिनीसाठी ३ महिन्यांच्या आत तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र.

कोकणातली खरी गोची सातबाऱ्यावरच असते. मयताच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय का बघा. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन चार भावांची, पण बाकीचे मुंबईला गिरणीत, म्हणून गावी राहणाऱ्या एकाचं नाव लागलेलं. तो गेल्यावर फक्त त्याच्याच मुलांची नावं चढवली, तर बाकी तीन घरं कागदावरून पुसली जातात आणि वीस वर्षांनी आंब्याची बाग विकायला काढली की भांडण थेट कोर्टात जातं. म्हणून नावाजवळच्या वर्तुळातला फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) क्रमांक टिपा आणि तो जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेसह काढा. नवा सातबारा लिहिताना ‘ए.कु.मॅ.’ शेरा गळालेला असू शकतो, तेव्हा जुने हस्तलिखित सातबारेही बघा. मग मूळ पुरुषापासून वंशावळ मांडा आणि शेरा कमी करून सगळ्या शाखांचे वारस लावण्याची मागणी अर्जात स्पष्ट लिहा.

‘बहिणींची नावं नंतर बघू’ हा सल्ला ऐकूच नका. हिंदू वारसा कायद्याने मुलगी, विधवा आणि मयताची आई यांना मुलाइतकाच वाटा आहे. आधीच वारलेल्या बहिणीच्या मुलांनाही तिचा वाटा मिळतो. बहिणींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं लिहा, नाहीतर पुढे ओळख पटवताना नाकीनऊ येतात. एखादीला खरंच हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लावा, मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवा. नोटरीच्या कागदावरची हक्कसोड चालत नाही. चाकरमानी गणपतीला गावी येतात. सह्या तेव्हाच उरका.

अर्जावर नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद चुकली तर ६० दिवसांत प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करा.

हयात मंडळींनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं, त्याला स्टँप लागत नाही. पण सामाईक जमिनीत फक्त स्वतःचाच हिस्सा लिहून देता येतो, अख्खा सातबारा नाही.