कॅम्पर व्हॅननं (आतच झोपायची, शिजवायची सोय असलेली गाडी) न्यूझीलंड, दोघांसाठी

कोल्हापुरातनं निघताना कांदा-लसूण मसाला घेणारच तुम्ही, आम्हीपण घेतला, पण पॅकबंद घ्या आणि न्यूझीलंडच्या विमानतळावर फॉर्मात खाण्याची एकूणएक वस्तू लिहा, लपवलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. गाडी आपल्यासारखीच डावीकडनं चालते त्यामुळं गगनबावड्याचा घाट सरावाचा असला की निम्मी भीती जाते, फक्त एका लेनचे पूल लय आहेत, तिथं छोटा लाल बाण आपल्या दिशेचा असेल तर थांबायचं. दोन मोठ्या बेटांपैकी दक्षिण बेटच करा. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, ते अनाऊ, मिलफर्ड साउंड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी). ते अनाऊत टाकी फुल करा, पुढं साधारण 120 किलोमीटर घाटवाटा आणि होमर बोगदा, घाई करू नका, थांबत थांबत जा.

व्हॅन सेल्फ-कंटेन्डच घ्या, म्हणजे आत टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी. फुकट मुक्कामाच्या बऱ्याच जागी त्याशिवाय थांबता येत नाही. टाक्या फक्त डम्प स्टेशनवरच, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागीच, रिकाम्या करायच्या, तळ्याकाठी अजिबात नाही, एवढं स्वच्छ पाणी आहे हो ते! आणि मिलफर्डला सँडफ्लाय, म्हणजे बारक्या माश्या, फार चावतात, मलम हाताशीच ठेवा.

रात्री एकानं बेड लावायचा, दुसऱ्यानं पिठलं-भात.