जुनी स्प्लेंडर घेऊन कोकणात निघताय? या चुका टाळा

दरवर्षी गणपतीच्या आधी कुणीतरी विचारतंच, गाडी जुनी झालीये, कोकणात जाईल का? जाईल की. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन सहसा दगा देत नाही, दगा देतात बारीकसारीक वस्तू आणि आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजला टाकून "पहाटे निघायचंय, पटकन करून द्या" म्हणणारी घाई.

ही घाईच माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. नवीन क्लच केबल सुरुवातीला ताणते, नवे ब्रेक लायनर ड्रममध्ये बसायला वेळ घेतात, आणि एखादा नट ढिला राहिला असेल तर तो घराजवळ कळलेला बरा. मी काम पंधरा दिवस आधी उरकतो, मग एका रविवारी पूर्ण सामान बांधून पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन येतो, आणि आल्यावर पाना घेऊन परत सगळे नट बघतो. एवढा वेळ नसेल तर एसटीने जा, मनापासून सांगतोय.

दुसरी चूक चेनची. स्प्लेंडरची चेन बंद कव्हरमध्ये असते त्यामुळे कुणी बघतच नाही. आंबा घाट उतरताना माझी चेन सुटली, साखरपा अजून बरंच खाली, पाऊस चालू, मागे मित्र बसलेला. चेन गेली की इंजिनचा ब्रेकही (गिअरमध्ये असताना इंजिन गाडी रोखून धरतं तो) जातो, उरतात फक्त ड्रम ब्रेक आणि तेही ओले. कशीबशी कडेला घेतली, हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. चेनच्या लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप उडाली होती. आठवड्यापूर्वी नवी चेन टाकताना ती उलटी बसवलेली असणार, आणि मीही कव्हर उघडून बघितलं नव्हतं. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे. तेव्हापासून गॅरेजमधून गाडी घेताना हे मी स्वतः बघितल्याशिवाय पैसे देत नाही आणि एक जादा लॉक कायम पाकिटात असतं. चेन बदलायची तर दोन्ही स्प्रॉकेटसकट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) बदला, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात. मधोमध साधारण इंचभर ढील ठेवा, डबलसीट जाणार असाल तर दोघं बसून तपासा.

टायरला नक्षी आहे म्हणून तो चांगला असं नसतं. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. बारीक भेगा दिसल्या की मी बदलतोच.

ट्यूबवाल्या टायरला ट्यूबलेसचं पंक्चर किट घेऊन जाणारे दरवेळी भेटतात. त्याचा काही उपयोग नाही, जादा ट्यूब घ्या.

घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरू नका. कधीच नाही.

केबल तुटायची वाट बघू नका, जुनी चालती केबल काढून नवी टाका आणि जुनी डिकीत ठेवा. स्पार्क प्लग आणि प्लग पानाही.

आणि आरसी बघा. ती नोंदणीपासून १५ वर्षं चालते, मग दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, आणि त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते, म्हणजे हे काम सर्व्हिसिंगच्याही आधी.