रोममध्ये तीन दिवस? या चुका टाळा

आम्ही म्युनिकला राहतो. जोडून सुट्टी आली की कुणाचा तरी फोन येतोच, "रोमची तिकिटं काढली, आता काय काय बघू ते सांग." पहिली चूक तिथेच झालेली असते. विमान आधी ठरतं, वारांचा विचार मागून येतो.

व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा, तोही 9 ते 2. बोर्गेझे गॅलरी सोमवारी बंद. शनिवार-रविवार-सोमवार असा बेत केलात की दोन मोठी ठिकाणं एकेका दिवशी अडतात.

माझ्या मावशीने सांगलीच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेलं सिस्टिन चॅपेलचं छत पोरांना दाखवायला तिच्याकडे कॅलेंडरचं एक जुनं पान होतं, कोपरे चिकटपट्टीने सांधलेलं. मावसभाऊ तिला रोमला घेऊन आला, मीही तिथे पोचले. तारखांबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "गेल्यावर बघू गं." शनिवार कोलोसियममध्ये गेला. रविवारी सकाळी व्हॅटिकनच्या उंच भिंतीशी पोचलो, तर दार बंद. सिस्टिन चॅपेलची वाट म्युझियममधूनच जाते. सोमवारी सकाळी परतीचं विमान. मावशी भिंतीला हात लावून थोडा वेळ उभी राहिली. मग सेंट पीटर्स चर्चमध्ये काचेआडच्या पिएता या मायकेलअँजेलोच्याच शिल्पासमोर अर्धा तास जागची हलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "छत राहिलंच." भावाला मी अजून माफ केलेलं नाही.

तेव्हापासून मी आधी कागद घेते. वर तारखा आणि वार, खाली त्या दिवशी काय बंद. येणाऱ्याला एकच विचारते, "कुठली गोष्ट राहिली तर जीव हळहळेल?" तिची वेळ आधी पक्की करायची, विमान त्यानंतर. बोर्गेझेला वेळ राखून ठेवावीच लागते, आत दोन तास मिळतात. जमत असेल तर गुरुवारी रात्री पोचा आणि शुक्रवार व्हॅटिकनला द्या.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे फुकटचा रविवार. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं, म्हणून लोक मुद्दाम तोच दिवस धरतात. हातात तीन दिवस, त्यातली अख्खी सकाळ रांगेत उभं राहून घालवायची, कशासाठी? 18 युरोंसाठी! इतका खर्च करून आलात, ते तिकीट काढा. शेजारचे फोरमचे प्राचीन अवशेष आणि पॅलाटाइन टेकडीही त्यातच येते.

कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात. पासपोर्टवर आहे तेच नाव घाला, घरातलं हाक मारायचं नको.

जर्मनीतून निघताना नुसतं रेसिडेन्स कार्ड पुरत नाही, पासपोर्टही हवा.

बसचं कागदी तिकीट चढल्याबरोबर यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर ते विनातिकीटच धरतात आणि दंड होतो.

सेंट पीटर्सला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात मी पिशवीत ओढणी ठेवते.

"एका दिवसात फ्लॉरेन्सही करून येऊ का?" नका करू. तीन दिवस रोमलाच कमी पडतात.

नव्या बुटांनी जाऊ नका. जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडांची फरसबंदी आहे, दुपारपर्यंत पोटऱ्या भरून येतात.

आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेत हिंडू नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, त्यांना नाझोनी म्हणतात. पाणी पिण्याचंच, थंडगार. नळाचं तोंड खालून बोटाने दाबून धरा, वरच्या बारीक भोकातून धार उडते, ओंजळ न धरता पिता येते.