लोकांना कापडी पिशवीची सवय लावायची असेल तर भाषण देऊ नका

प्लास्टिक वाईट आहे हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ते परत सांगण्यात वेळ घालवू नका. खरी भानगड एवढीच असते की पिशवी घरी राहते आणि आठवण येते ती डायरेक्ट दुकानात. माझंच सांगतो, घरात नऊ कापडी पिशव्या होत्या तरी मी कॅरीबॅग घेऊन यायचो, कारण त्या नऊच्या नऊ दारामागच्या खुंटीला आणि बाहेर पडायला दार उघडलं की नेमक्या दाराआड! मग चपलांच्या स्टँडवर ठेवायला लागलो, तेव्हा कुठे फरक पडला.

म्हणून कुणाला पटवायचं असेल तर आधी विचारा, तुमची पिशवी असते कुठे? गाडी असेल तर एक डिकीत, रोज बॅग नेत असतील तर घडी होणारी एक त्यातच. आणि सामान काढलं की रिकामी पिशवी लगेच जागेवर गेली पाहिजे, ती किचनमध्ये राहिली की पुढच्या वेळी परत बोंब.

दुसरं म्हणजे उत्साहाच्या भरात नवीन पिशव्या वाटत सुटू नका. सुती पिशवी बनवायला पण पाणी, वीज सगळं लागतंच, इंग्लंडमधे २०११ साली सरकारी अभ्यास झाला होता त्यात निघालं की एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशवीशी कार्बनच्या हिशोबात बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. म्हणजे कार्यक्रमात मिळालेली पिशवी कपाटात पडून असेल तर उपयोग शून्य. आणि ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी असते ना, ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच. असेल घरात तर टाकू नका, फाटेपर्यंत वापरा.

शिवायचीच असेल तर जुनी चादर किंवा जीन्स घ्या. पिशवी फाटते ती पट्ट्याच्या जोडापाशी, तर पट्टा निदान तीन बोटं आत घेऊन चौकोनी शिलाई मारायची आणि चौकोनात फुली. बाकी शिलाई वाकडीतिकडी झाली तरी चालते.

दुकानदारांशी मात्र बोलाच, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. न मागता पिशवी देण्याऐवजी "पिशवी आणलीय का?" एवढं विचारलं तरी माणूस थांबतो. पैसे लावले तर अजूनच, आयर्लंडमधे २००२ मधे एका पिशवीला १५ सेंट कर लावला आणि वापर ९० टक्क्यांच्या वर घसरला. रक्कम काही फार नव्हती, पण खिशात हात घालावा लागतो ना.

कोणी म्हणेल कापडाला वास येतो, घाण होते. खरंय ते, उगाच वाद घालू नका, ओलं किंवा गळणारं सामान डब्यात घ्यायला सांगा आणि पिशवी नेहमीच्या कपड्यांबरोबर धुवायला टाका, झालं.

आणि विसरलेल्याला टोमणा मारू नका, तो पुढच्या वेळी मुद्दाम कॅरीबॅग घेईल. मी आता जुन्या चादरीची एक जास्तीची पिशवी खिशात ठेवतो, लाइनमधे कोणी रिकाम्या हाताने दिसलं की देऊन टाकतो. बहुतेक वेळा परत येत नाही. चादर मोठी होती, अजून चार निघतील.