दक्षिण सुदानला मेडिकल मिशनवर जाताय? वॉर्डातल्या या चुका टाळा

आपल्याकडे पेशंट जरा मलूल दिसला की लावा सलाईन, नातेवाईकच सांगतात आणि आपला हातही आपोआप तिकडेच जातो. दक्षिण सुदानच्या कुपोषण वॉर्डात ही सवय सगळ्यात आधी सोडायची. मी तिथे असताना नवीन आलेल्या डॉक्टरला पहिल्याच राउंडला हेच सांगायचो. अतिकुपोषित पोराचे डोळे खोल गेलेले असतात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, आपण म्हणतो डिहायड्रेशन, पण अंगावर चरबीच उरली नसेल तर जुलाब नसतानाही अगदी असंच दिसतं. म्हणून दुभाष्याला घेऊन आईशी बोला, जुलाब कधीपासून, डोळे आत्ताच असे झाले की आधीपासून आहेत. या पोरांचं हार्ट आधीच थकलेलं असतं, सलाईन भराभर गेलं की रात्री मूल धापा टाकायला लागतं. शॉक असेल तरच शिरेतून, नाहीतर तोंडाने रिसोमल (अतिकुपोषित पोरांसाठीचं कमी सोडियमचं खास ओआरएस), सुरुवातीला किलोमागे 5 मिली दर अर्ध्या तासाने, आणि दर वेळी श्वास आणि नाडी मोजायची, दोन्ही वाढत चालले तर बंद. कॉलऱ्यात मात्र रिसोमल नको, नेहमीचं ओआरएसच द्या, त्यात सोडियम जास्त असतं.

वजन वाढलं म्हणून लगेच खुश होऊ नका, आधी सूज बघा. दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबायचा, खड्डा राहिला तर ते पाणी आहे.

सकाळी मूल एकदम गार आणि ढिलं पडलेलं दिसलं तर शुगर तपासा (मशीन नसेल तर कमी आहे असंच धरून ग्लुकोज द्या) आणि मग रात्रीचा चार्ट काढा, बहुतेक वेळा पहाटेचं फीड राहिलेलं असतं. एफ-75, म्हणजे या पोरांना सुरुवातीला द्यायचं खास दूध, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. 100 मिलीत 75च कॅलरी, एवढ्याने काय होणार असं वाटून जास्त पाजायचा मोह होतो, आईला तर होतोच, पण पहिले काही दिवस शरीराला तेवढंच झेपतं. रक्त कमी दिसतंय म्हणून आयर्नचं टॉनिकही लगेच सुरू करायचं नाही, इन्फेक्शन असताना ते उलटू शकतं.

आणि यलो फीवरची लस निघायच्या निदान 10 दिवस आधी घ्या. आपल्याकडे ती ठरावीक सरकारमान्य सेंटरवरच मिळते, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिथली तारीख घेऊन टाका.